एसटी स्टँडवर गाणं चित्रित करायचंय : म्युझिक व्हिडिओचा इतिहास कुठून बघू, आणि सिंक कसं सांभाळू?

रंकाळा_रिटर्न

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात प्रत्येकाला एक म्युझिक व्हिडिओ करायचाय. आमच्याच वर्गातल्या चौघांचा बँड आहे आणि गाणं त्यांचं स्वतःचं आहे. लांबी ३ मिनिटं ४० सेकंद, टेम्पो ९६ (मिनिटाला ९६ ठोके). शेवटची एसटी चुकलेल्या मुलीचं गाणं. बँडची गायिका स्टँडवरच्या बाकावर बसून गाते, एवढंच सध्या माझ्या डोक्यात पक्कं आहे.

हाताशी एक मिररलेस कॅमेरा, दोन फोन, एक ब्लूटूथ स्पीकर. बजेट बारा हजार, त्यातला बराचसा भाग चहा-वडापावात जाणार हे उघड आहे.

सर म्हणाले, आधी इतिहास बघा. नेटवर 'सर्वोत्कृष्ट शंभर' छापाच्या याद्या मिळाल्या, त्या बघून डोकं भणभणलं. त्यातून मी नेमकं काय घ्यायचं? दुसरं म्हणजे सिंक. मागच्या वर्षीच्या एका व्हिडिओत शेवटच्या अंतऱ्यापर्यंत ओठांची आणि गाण्याची फारकत झालेली पाहिली, त्याची धास्ती बसलीय. आणि गाण्यात पाऊस आहे, कंडक्टर आहे, आईचा फोन आहे. हे सगळं दाखवायलाच हवं का?

---

क्वार्टर_इंच

तू म्हणतो, चालेल ना? माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे.

मी नव्वदच्या दशकात मुंबईत गाण्यांच्या शूटिंगला प्लेबॅकवर, म्हणजे सेटवर गाणं वाजवायला, असायचो. नागरा टेपरेकॉर्डर, पाव इंची टेप, दोन भोंगे, आणि दिग्दर्शकाची हाक आली की बोट खाली. हिरॉइनकडे, डान्स मास्टरकडे, पावसाच्या टँकरकडे सगळं युनिट बघतं. प्लेबॅकवाल्याकडे कधी बघतात, तर गाणं भलत्याच ओळीपासून सुरू झालं तर. तेव्हा माझा इतिहास भोंग्याच्या बाजूने सांगितलेला आहे, हे धरून वाच.

त्या याद्या मिटून ठेव. १९३१च्या 'आलम आरा'त सात गाणी होती आणि ती सेटवरच, कॅमेरा चालू असताना गायली गेली. माइक जिथे, तिथेच गाणारा, तिथेच कॅमेरा. मग १९३५मध्ये कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी 'धूप छाँव'साठी गाणं आधी रेकॉर्ड करून घेतलं आणि चित्रीकरण नंतर केलं. आपल्याकडे आवाज चेहऱ्यापासून सुटला तो तिथे. आवाज एकदाच पक्का झाला, आणि चित्राला मोकळीक मिळाली : कुठेही घ्या, कितीही तुकड्यांत घ्या, कुठल्याही वेगाने घ्या. पुढच्या नव्वद वर्षांत जे काही भारी झालं ते या मोकळिकीचा कुणी काय उपयोग केला, एवढंच आहे. मला तरी तसं वाटतं. इथे कुणी समीक्षक असतील तर त्यांनी भांडावं.

एक उदाहरण घरचं बघ. 'तेरे घर के सामने' (१९६३) मधलं कुतुबमिनारच्या जिन्यातलं गाणं. विजय आनंदने दोन माणसं आणि एक अरुंद गोल जिना एवढ्यावर अख्खं गाणं उतरवलंय, अक्षरशः. तुला एक बाक आहे. तो पुष्कळ झाला.

मुंबई दूरदर्शन १९७२ला सुरू झालं आणि 'छायागीत'ने सिनेमातलं गाणं उचकटून एकटं दाखवायला सुरुवात केली. ही दोघं कोण, का भांडली, गाडी कुणाची, काही माहीत नसताना आमची अख्खी चाळ एका टीव्हीसमोर बसून तीन-साडेतीन मिनिटांचं जग बघायची. पुढे म्युझिक व्हिडिओ आला तेव्हा आम्हाला तो परका वाटला नाही, त्याचं कारण हे.

तिकडे इंग्लंडात कारण वेगळं होतं. बीटल्सना प्रत्येक टीव्ही स्टुडिओत जाऊन तोंड दाखवायचा कंटाळा आला, म्हणून १९६६मध्ये 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन'च्या फिल्म्स मायकल लिंडसे-हॉगकडून करवून चॅनेलांना पाठवल्या. म्हणजे मूळ प्रेरणा आळस. १९७५मध्ये क्वीनचा 'बोहेमियन रॅप्सडी' झाला. दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स, जागा एल्स्ट्री, माध्यम व्हिडिओटेप, वेळ साधारण चार तास. हा तू नीट बघ. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात ते लेन्ससमोर पैलूदार काच धरून, आणि चेहरा मागे मागे झिरपत जातो तो कॅमेरा मॉनिटरवरच रोखून. यातलं काही एडिटिंगसाठी ठेवलंच नव्हतं, इफेक्ट सगळे टेपवर घेतानाच उरकले. झुंबराचा एखादा लोलक फोनच्या लेन्सपुढे धरून बघ, अर्धं काम होतं.

एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालं आणि पहिला व्हिडिओ लावला 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. तो होता १९७९चा. उद्घाटनालाच शिळा माल. पण दुकानात मालच नव्हता हो तेव्हा, अमेरिकेत व्हिडिओ करतंय कोण? ब्रिटिशांकडे होते, ते लावले.

आपल्याकडे उपग्रह वाहिन्या १९९१पासून आल्या आणि मग खासगी अल्बमची लाट. केन घोषने केलेला 'मेड इन इंडिया' १९९५चा. तेव्हाचं गणित सरळ होतं. व्हिडिओ ही कॅसेटची जाहिरात. पैसा कॅसेटमधून, म्हणून कंपनी व्हिडिओवर खर्च करायची. आता कॅसेट गेली आणि जाहिरातच माल झाली. या काळातलं माझं आवडतं, हसू नकोस, १९९८चं 'तुनक तुनक तुन'. दलेर मेहंदींच्या व्हिडिओंत पोरी नाचतात म्हणून ते चालतात, अशी टीका होत होती. त्यांनी काय केलं, चारही माणसं स्वतःच झाले, क्रोमावर, म्हणजे एकरंगी पडद्यासमोर. टीकेला असं उत्तर द्यायला धमक लागते. तंत्र आज बालिश दिसतं, कल्पना अजून ताजी आहे.

आता मुद्द्याचं. गाणं पक्कं, चित्राचा काळ मोकळा. या एका वाक्यावर ज्यांनी डोकं चालवलं, तेवढे तीन व्हिडिओ मांडी घालून बघ.

फारसाइड या रॅप गटाचा 'ड्रॉप', दिग्दर्शक स्पाइक जोन्झ. पोरांनी भाषातज्ज्ञाच्या मदतीने रॅप उलटं पाठ केलं, उलटं म्हणत उलटं चालले, आणि फिल्म उलटी फिरवली. ओठ बरोबर, पण आजूबाजूचं जग वेडं.

मिशेल गोंद्रीचा 'स्टार गिटार', २००२, केमिकल ब्रदर्सचा. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारं दृश्य, बाकी काही नाही. पण प्रत्येक ठोक्याला एक खांब, प्रत्येक सुराला एक इमारत. गाणंच बाहेरून चाललंय. ओठ नाहीत, म्हणजे सिंक चुकायची भीती नाही असं म्हणशील, तर तिथे प्रत्येक खांब म्हणजे ओठ आहे.

तिसरा फॅटबॉय स्लिमचा 'प्रेझ यू', १९९९, पुन्हा जोन्झ. लॉस एंजेलिसमध्ये एका चित्रपटगृहाबाहेर विनापरवाना नाच. खर्च ८०० डॉलर, असं सांगतात. मधेच थिएटरचा माणूस येऊन टेप बंद करतो आणि जोन्झने ते तसंच ठेवलंय. मी तो क्षण पाहिला तेव्हा जागच्या जागी घाम फुटला होता. प्लेबॅकवाल्याला याहून वाईट स्वप्न पडत नाही.

आमच्या सेटवरची युक्ती सांगतो, तीच तुला उपयोगी आहे. स्लो मोशनमध्ये गाणारी नायिका कशी घ्यायचे? नागरावर गाणं सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाने भरायचं आणि पंधराच्या वेगाने वाजवायचं. बरोबर दुप्पट. कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेमवर, नेहमीच्या २४च्या दुप्पट. भोंग्यातून गायिकेचा आवाज पोपटासारखा यायचा, युनिट खिदळायचं, आणि नायिका बिचारी त्या वेगाने ओठ हलवायची. पडद्यावर केस, पदर, पाऊस सगळं तरंगत आणि ओठ मात्र गाण्याला चिकटलेले.

तू हेच उलटं कर. गाणं निम्म्या वेगाने वाजव. गायिका बाकावर बसून निम्म्या वेगाने गाईल, जागेवरून न हलता. एडिटमध्ये चित्र दुप्पट वेगाचं कर. ती गाण्याबरोबर साधी गाताना दिसेल, आणि स्टँडवरची गर्दी, बस, हमाल, पोरंटोरं सगळी तिच्याभोवती सुसाट पळतील. बस चुकलेल्या माणसाला स्टँड तसाच तर दिसतो. खर्च शून्य.

राहिला पाऊस, कंडक्टर आणि आईचा फोन. नको. शब्दात आहे ते कानाला मिळालंय, तेच डोळ्याला परत वाढायचं नाही. फारच वाटलं तर फोन बाकावर ठेव, वाजू दे, ती उचलत नाही. पण ज्या ओळीत फोन आहे त्या ओळीला नाही. आधी, म्युझिक पीसमध्ये.

---

एफ_टू_पॉइंट_एट

काकांची युक्ती झकास. मी कॅमेरा करते, म्हणून आकड्यांचं बघते.

टेम्पो ९६ म्हणजे २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम. (फ्रेम रेट गुणिले ६०, भागिले टेम्पो.) हे बघून मोह होईल २४वर शूट करायचा. पण बहुतेक कॅमेऱ्यांत २४ लिहिलेलं असतं ते प्रत्यक्षात २३.९७६ असतं. १५-१५ फ्रेमवर डोळे मिटून कट मारत गेलीस तर ३:४०च्या शेवटी पाचेक फ्रेमचा फरक पडतो आणि तो दिसतो. २५वर ठोका १५.६ फ्रेमचा येतो, दिसायला अडचणीचा. तरी मी २५च घेईन. आपली वीज ५० हर्ट्‌झची, स्टँडवर ट्यूबलाइट आणि एलईडी, तिथे २५ फ्रेम आणि १/५० शटर (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) सुखाचं, दिवे लुकलुकत नाहीत. ठोक्यांवर कानाने मार्कर टाक, कट जवळच्या फ्रेमवर. अर्धी फ्रेम इकडेतिकडे झाली तर कुणाच्या बापाला कळत नाही.

काकांच्या निम्म्या वेगाच्या शॉटला मात्र शटर १/२५ ठेव. चित्र दुप्पट वेगाचं केलं की एक आड एक फ्रेम गळते, म्हणजे तू जणू साडेबारा फ्रेमवर घेतलंस. १/५० ठेवलंस तर गर्दी टकटक उड्या मारताना दिसेल, १/२५ने ती वाहती दिसेल. लाइटचं फ्लिकरही येत नाही. दिवसा उजेड जास्त होईल, तो कमी करणारा एनडी फिल्टर उसना आण.

मागच्या वर्षीच्या त्या व्हिडिओचं सिंक का सुटलं असेल ते सांगू? माझा संशय फोनवर. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो. लहान क्लिपमध्ये कळत नाही, चार मिनिटांच्या टेकमध्ये ओठ हळूहळू निसटतात. फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, त्यात २५ पक्कं करून ठेव. आधीच शूट झालेलं असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेट स्थिर (कॉन्स्टंट) करून मग टाइमलाइनवर आण. गाण्याची फाइल ४८ किलोहर्ट्‌झ वाव मागून घे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एमपी३ नको.

---

कमी_तर्री

काहीही कळलं नाही पण शेवटपर्यंत वाचलं. वाचनखूण साठवली आहे. क्वार्टर_इंच, तुमच्या सेटवरच्या गोष्टींचा वेगळा धागा काढा की.

---

रंकाळा_रिटर्न

काका, ताई, तुमच्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये काल रात्री धुमाकूळ झाला. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये ट्रायल घेतली. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरात 'चेंज टेम्पो'ने गाणं निम्मं केलं, म्हणजे सूर तोच राहिला आणि गायिकेला गाता आलं. ओठ चक्क जुळतात! पण दोन गोष्टी खटकल्या. ती पापण्या फार फडफडवते असं दिसतं आणि मान झटके खाते. आणि ब्लूटूथ स्पीकर लांब ठेवला की सिंक मागेपुढे होतंय की मला भास होतोय?

---

क्वार्टर_इंच

पापण्यांचं होणारच, त्याही दुप्पट झाल्या. तिला सांग, ओळ चालू असताना पापणी मिटायची नाही, श्वास घेताना सावकाश मिटायची. मानही तशीच. निम्म्या वेगाच्या गाण्याला साजेशी हालचाल तिला संथ वाटेल, पण ती त्याहून संथ हवी. आरशासमोर बसवून पाठ करून घे, शूटिंगच्या दिवशी शिकवायला वेळ नसतो. अक्षरांचं सांगतो. प्रेक्षक सिंक पकडतो ते प, फ, ब, भ, म वर, कारण तिथे ओठ मिटतात. बाकी अक्षरांत थोडं इकडेतिकडे खपून जातं. गाण्यात ही अक्षरं कुठे आहेत त्यावर पेन्सिलने खूण कर आणि एडिटला फक्त तीच तपास.

भास नाही तुझा. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. २५ फ्रेममध्ये एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज साडेतेरा मीटर चालतो. स्पीकर कॅमेऱ्याशी आणि गायिका फलाटाच्या टोकाला, तीस मीटरवर, तर ती दोन फ्रेम उशिरा गाणार. स्पीकर तिच्या पायाशी ठेवलास तर ती बरोबर गाईल, पण कॅमेऱ्याच्या माइकला उशिरा ऐकू येईल, आणि तू आवाजाचे तरंग जुळवून सिंक केलंस की दोन फ्रेम चुकलंच. म्हणून लांबचा शॉट डोळ्याने सरकवायचा, त्या प-ब-म वर. ब्लूटूथ स्वतः उशीर करतो तो वेगळा, पण तो वाजल्यावरच ती गाते, तेव्हा त्याने बिघडत नाही. बिघडतं ते 'फोनवर अमुक सेकंदाला गाणं सुरू केलं' या हिशेबावर विसंबलं की. वायरवाला स्पीकर मिळाला तर उत्तम. आमच्याकडे भोंगे होते, त्यांना बॅटरी संपायचा आजार नव्हता.

गाण्याच्या आधी चार ठोके टाक, टक टक टक टक, म्हणजे तिला सुरुवात सापडेल. आणि प्रत्येक टेकला टाळी, तिच्या तोंडाजवळ, कॅमेऱ्याला दिसेल अशी.

---

वकीलकाकू

शूटिंगचं मला कळत नाही, कागदाचं कळतं. बँड मित्रांचा आहे म्हणून सोडून देऊ नका. गीत कुणी लिहिलं, चाल कुणी लावली, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, हे हक्क वेगवेगळे असतात. प्रत्येकाकडून एका पानावर लिहून घ्या की या व्हिडिओसाठी आणि तो महोत्सवांना, यूट्यूबला देण्यासाठी संमती आहे. मैत्री आहे तोवर लिहून घेणं सोपं जातं.

वर्गातल्या दुसऱ्या कुणी जुन्या गाण्याचं कव्हर (तेच गाणं नव्याने गाऊन) घ्यायचं ठरवलं असेल तर सावध. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी, जे २०१२च्या दुरुस्तीत आलं, ते कव्हरच्या ध्वनिमुद्रणापुरतं आहे. त्यावर चित्र चढवायचा परवाना त्यातून मिळत नाही. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण एखाद्या संगीतकाराने त्याला लावलेली चाल आणि कंपनीचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणि स्टँडवर शूटिंग म्हणजे एसटी महामंडळाची लेखी परवानगी. 'प्रेझ यू'चं उदाहरण वाचून पोरांना उगाच जोर चढू नये म्हणून लिहिते.

---

रंकाळा_रिटर्न

काकू, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज आजच दिला. एकच शेवटचं विचारते. दिवसभराचा क्रम कसा लावू? संध्याकाळी गर्दी असते पण उजेड जातो.

---

क्वार्टर_इंच

गर्दीचं आधी. संध्याकाळी पोरं कॉलेजातून सुटतात आणि नोकरदार परततात तो तास निम्म्या वेगाच्या टेकचा. एक टेक सात मिनिटं वीस सेकंदांचा होणार, म्हणजे उजेड जायच्या आत तुला मोजकेच पूर्ण टेक मिळतील. लांबचा आधी, मग मध्यम, जवळचा शेवटी. जवळच्यात मागचा उजेड गेला तरी दिव्यांवर भागतं, लांबच्यात भागत नाही. बाक असा निवड की तिच्या मागून माणसं आडवी जातील. समोरून येणारी माणसं कॅमेऱ्यात बघतात. ट्रायपॉडला पिशवीत वीट घालून लटकव आणि टेक चालू असताना त्याला हात लावणाऱ्याला युनिटमधून काढ.

स्टँड रिकामा झाला की साध्या वेगाचं पूर्ण गाणं एकदा सलग घे, मध्यम शॉटमध्ये. अंतिम व्हिडिओत त्यातलं काही नसलं तरी चालेल. पण निम्म्या वेगाची गंमत फसली तर जमा करायला हातात एक धड सिंक असलेलं गाणं हवं. शिवाय माझं मन सांगतं, शेवटचा मुखडा तू यातूनच घेशील : सगळी पळापळ थांबलेली, स्टँड मोकळा, आणि ती त्याच बाकावर, त्याच सिंकमध्ये. ते मात्र एडिटला ठरव, आत्ता नको.

एडिटला निम्म्या वेगाची क्लिप आधी २०० टक्के कर आणि मग मूळ गाण्याखाली ठेवून टाळी जुळव. क्रम उलटा केलास तर सॉफ्टवेअर तुझं डोकं फिरवेल.

आणि हो, ओढणी. स्टँडवर वारा असतो आणि दुप्पट वेगात ओढणी थरथरते, सगळं लक्ष खाते. पिनेने टाचून ठेव, केसही बांध.